२००९१९ : लिफ्टच्या चार बॅटऱ्यांचं वय

पार्श्वभूमी

मुलुंड पूर्वेला आमची सात मजल्यांची, अठ्ठावीस बिऱ्हाडांची सोसायटी आहे. लिफ्ट एकच. मशीनरूम गच्चीवर. निम्म्याहून जास्त घरांत साठीच्या पुढचं कोणीतरी आहे, म्हणजे लिफ्ट बंद पडली की अर्ध्या इमारतीचा दिवस बंद पडतो. सोसायटीचं आणि माणसांचं नाव या लेखात कुठे नाही, बाकी तपशील घडले तसेच दिले आहेत. मी या सगळ्या काळात समितीचा खजिनदार होतो. हे आधीच सांगतो, कारण ते पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

वीज गेली तर माणूस अडकू नये म्हणून लिफ्टला एआरडी (ऑटोमॅटिक रेस्क्यू डिव्हाइस) नावाची पेटी असते. वीज गेल्याचं कळलं की ती काही सेकंद थांबते, मग बॅटरीवर लिफ्ट हळूहळू जवळच्या मजल्यापर्यंत नेते आणि दार उघडते. आमच्या पेटीत बारा व्होल्ट सात एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-तास, बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) चार बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या आहेत, म्हणजे एकूण ४८ व्होल्ट. दुकानदार यांना एसएमएफ म्हणतात. शिसं आणि आम्ल, पण सीलबंद, पाणी घालायची भानगड नाही. मार्च २०२३ मध्ये चारही बॅटऱ्या बदलल्याची नोंद आमच्याकडे होती.

काय घडलं

जून २०२४. पहिल्या जोरदार पावसाची संध्याकाळ. साडेसातला वीज गेली आणि पाचव्या मजल्यावरच्या आजी नातवासह चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकल्या. एआरडीने एकदा ‘टक्’ असा आवाज केला आणि गप्प झाली. लिफ्टमधला आपत्कालीन दिवाही सात-आठ मिनिटांत पिवळा होत विझला. वॉचमन टॉर्च घेऊन धावला, तर टॉर्चही दोनदा मिचकावून बंद. मेकॅनिक ठाण्याहून निघाला होता, पण पावसात तो पोचायच्या आधी वीजच परत आली. आजी पस्तीस मिनिटं आत होत्या. नातू घाबरला नाही, कारण आजी त्याला पाढे म्हणायला लावत होत्या. एकोणतिसापर्यंत पोचले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेकॅनिक आणि मी मशीनरूममध्ये गेलो. लिफ्ट बंद करून ठेवली. चार बॅटऱ्यांची साखळी ५४ व्होल्टपर्यंत जाते आणि या बॅटऱ्या दिसायला लहान असल्या तरी टर्मिनल एकमेकांना भिडली तर ठिणगी मोठी उडते. म्हणून अंगठी, घड्याळ काढूनच हात घातला.

चार्जर चालू असताना चारही मिळून मल्टीमीटरवर ५४.४ व्होल्ट आले. आकडा अगदी योग्य. एआरडीच्या पेटीवरचा हिरवा दिवा याच आकड्यावर लागतो, त्यामुळे तो पंधरा महिने इमानाने लागत होता. एकेक बॅटरी मोजल्यावर चित्र बदललं. तीन बॅटऱ्यांवर १४.३ आणि चौथीवर ११.५.

याचा अर्थ असा. बारा व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येकी साधारण दोन व्होल्टची सहा घरं असतात. चौथीतलं एक घर मेलं होतं. चार्जर मात्र एकूण बेरीज पाहतो. चौथी कमी घेते म्हटल्यावर उरलेला भार बाकीच्या तिघींवर गेला. कायम चार्जरला जोडून ठेवलेल्या अशा बॅटरीला साधारण १३.५ ते १३.८ व्होल्ट हवे असतात. आमच्या तिघी १४.३ वर कित्येक महिने शिजत होत्या. एकीच्या आजारपणात तिघी आतून सुकल्या.

जोडण्या सोडवून दोन तासांनी पुन्हा मोजलं. तिघींवर १२.७, चौथीवर १०.६. मेकॅनिक म्हणाला, “साहेब, तीन चांगल्या आहेत, एक बदला.” मला ते पटेना. व्होल्टेज चांगलं असणं आणि बॅटरीत दम असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. मोटारीच्या हेडलाइटचा बारा व्होल्ट ५५ वॉटचा बल्ब आणून एकेकीला लावला. असा बल्ब साधारण साडेचार अँपिअर ओढतो. नव्या सात एएच बॅटरीने तो पाऊण तास ते तासभर चालवायला हवा. इथे एक सांगायला हवं, की सात एएच हा आकडा वीस तास सावकाश वापरल्यावरचा असतो. घाईने ओढलं की तेवढं मिळत नाही, म्हणून सातला साडेचारने भागून दीड तासाची अपेक्षा धरू नये. आमच्या ‘चांगल्या’ तिघी अनुक्रमे अकरा, नऊ आणि सहा मिनिटांत १०.५ व्होल्टवर, म्हणजे रिकामी झाल्याच्या खुणेवर, आल्या.

तारखेचा घोळ

बॅटऱ्या बसवून पंधरा महिने झाले होते. या जातीच्या बॅटऱ्या नीट तापमानात तीन ते पाच वर्षं टिकतात असं गृहीत धरलं जातं. मग इतक्या लवकर का गेल्या? मेकॅनिकने सहज एक बॅटरी उलटीपालटी केली आणि टर्मिनलजवळ शाईने उमटवलेले सहा आकडे दिसले : २००९१९.

सेक्रेटरीबाईंनी लगेच वाचलं, “वीस सप्टेंबर एकोणीस.” आपण तारीख दिवस-महिना-वर्ष अशीच लिहितो. त्या हिशेबाने बॅटरी बसवताना साडेतीन वर्षांची होती. पण हेच आकडे उलट्या क्रमाने वाचले तर १९ सप्टेंबर २०२० होतात, आणि वय एका वर्षाने कमी होतं. दोन्ही वाचनं शक्य, दोन्ही तारखा खऱ्या. एका बॅटरीवरून हा गुंता सुटणारच नव्हता.

सुटला तो तिसऱ्या बॅटरीमुळे. दोघींवर तोच २००९१९ होता, पण तिसरीवर होता २०१००७. दिवस-महिना-वर्ष धरलं तर २० ऑक्टोबर २००७. सतरा वर्षं जुनी बॅटरी काल-परवापर्यंत १२.७ व्होल्ट दाखवत होती यावर आजींच्या नातवानेही विश्वास ठेवला नसता. म्हणजे क्रम वर्ष-महिना-दिवस. तिसरी ७ ऑक्टोबर २०२० ची, बाकीच्या १९ सप्टेंबर २०२० च्या. बसवल्या मार्च २०२३ मध्ये. म्हणजे सोसायटीत येण्याआधी त्यांनी कुठेतरी अडीच वर्षं काढली होती.

बंद खोक्यातली शिशाची बॅटरीही आपोआप उतरत जाते, २५ अंशाला महिन्याला सुमारे तीन टक्के, आपल्या उन्हाळ्यात त्याहून जास्त. दर सहा महिन्यांनी तिला चार्ज द्यावा लागतो. नाही दिला तर प्लेटवर शिशाच्या सल्फेटचे कडक स्फटिक धरतात आणि ते पुढे नीट विरघळत नाहीत. आमच्या बॅटऱ्यांना त्या अडीच वर्षांत कोणी चार्ज दिला होता का, याचा पुरावा आमच्यापाशी नव्हता. शिवाय गच्चीवरच्या मशीनरूममध्ये त्या दुपारी ४१ अंश होते. दर दहा अंशांना या बॅटऱ्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं असा ढोबळ नियम आहे. त्यामुळे सगळा दोष तारखेवर टाकणंही बरोबर नव्हतं.

मी मात्र टाकला. तारखेवर नाही, एजन्सीवर. त्याच रात्री लिफ्टच्या देखभाल एजन्सीला कडक पत्र लिहिलं : जुना माल नवा म्हणून विकलात, वृद्ध महिलेचा जीव धोक्यात घातलात, वगैरे. व्हॉट्सअ‍ॅपवर सोसायटीच्या ग्रुपलाही टाकलं. अंगठ्यांचा पाऊस पडला.

अकरा दिवसांनी, पत्राला जोडायला बिलाची प्रत हवी म्हणून मार्च २०२३ ची फाईल काढली. एजन्सीचं बिल फक्त मजुरीचं होतं. मेकॅनिकच्या सर्व्हिस स्लिपवर ‘बॅटरी कस्टमर सप्लाय’ असं स्पष्ट लिहिलेलं. आणि मागे टाचलेला एक कॅश मेमो : चार बॅटऱ्या, प्रत्येकी १,१०० रुपये. एजन्सीने तेव्हा १,७०० भाव दिला होता, म्हणून तेव्हाच्या सेक्रेटरींनी ओळखीच्या दुकानातून आणून २,४०० रुपये वाचवले होते. मेमोवर कोड नाही, कंपनीचं नावसुद्धा अर्धवट. व्हाउचरवर मंजुरीची सही माझी.

महिन्याला पन्नास-साठ व्हाउचरवर सह्या होतात, लक्षात राहत नाही, ही सबब मी स्वतःला दोन दिवस सांगून पाहिली. मग एजन्सीला दिलगिरीचं पत्र लिहिलं आणि तेही ग्रुपवर टाकलं. या वेळी अंगठे चार.

इमारतीत आणखी काय काय निघालं

त्या संध्याकाळी तीन गोष्टी एकदम दगा देऊन गेल्या होत्या : एआरडी, लिफ्टमधला दिवा आणि टॉर्च. म्हणून समितीने सोसायटीच्या मालकीच्या सगळ्या रिचार्जेबल बॅटऱ्यांची यादी करायचं ठरवलं. दोन-तीन असतील असं वाटलं होतं, पण एकूण सतरा निघाल्या, चार वेगवेगळ्या जातींच्या. प्रत्येक जातीचं दुखणं वेगळं असतं, ते कळल्यावरच पुढचे निर्णय घेता आले.

एआरडी आणि सीसीटीव्हीच्या यूपीएसमध्ये शिशाच्या. ही सगळ्यांत जुनी जात. गास्तों प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली पहिली केली. तिला भरलेलं राहायला आवडतं. अर्धपोटी ठेवली की बिघडते.

लिफ्टमधल्या दिव्यात निकेल-कॅडमियमचा ३.६ व्होल्टचा जुडगा होता, १.२ व्होल्टचे तीन सेल. ही जात उष्णता आणि सतत चालू राहणारं बारीक चार्जिंग बऱ्यापैकी सोसते, म्हणून अशा दिव्यांत ती वर्षानुवर्षं वापरली गेली. पण कॅडमियम विषारी आहे आणि आमच्या जुडग्यावरचं वेष्टन फाटून पांढरी पूड बाहेर आली होती. वेष्टनावर कोड होता, पण अर्धा खरवडलेला. तिथे वाचत बसण्यात अर्थ नव्हता, पूड पुरेशी बोलत होती. हातमोजे घालून बाजूला काढला.

वायरलेस बेलमध्ये निकेल-मेटल हायड्राइडचे पेन्सिल सेल होते. यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं पाहून वॉचमन त्यांना ‘कमजोर’ समजायचा आणि दर दोन महिन्यांनी नवे मागायचा. साधे पेन्सिल सेल १.५ ने सुरू होतात, पण वापरताना झपाट्याने उतरतात, तर हे १.२ च्या आसपास बराच वेळ टिकतात. खरी अडचण वेगळी होती. जुन्या पद्धतीचे हे सेल नुसते पडून राहिले तरी महिन्याला वीस-तीस टक्के रिकामे होतात. २००५ साली सान्योने एनलूप आणल्यापासून कमी गळणारे सेल मिळू लागले. बेलसाठी तसे घेतले, तक्रार संपली.

टॉर्चमध्ये लिथियम-आयनचा १८६५० मापाचा सेल. आकडा मापाचा आहे : व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५. पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. सेलवर मोठ्या अक्षरात ‘९८०० एमएएच’ (म्हणजे ९.८ एएच) छापलेलं. या मापात चांगल्यातला चांगला सेलही साधारण ३५०० च्या आसपास असतो. गल्लीतल्या वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला तर ३१ ग्रॅम भरला. चांगला १८६५० पंचेचाळीसच्या आसपास भरतो. वाण्याने विचारलं, “हे पण किलोने मिळतं का?” त्यावर तारीख शोधलीच नाही. जो क्षमता खोटी छापतो त्याच्या तारखेवर कोण विश्वास ठेवणार?

भारतात विकल्या जाणाऱ्या निकेल आणि लिथियमच्या अशा बॅटऱ्यांवर आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक असायला हवा. टॉर्चच्या सेलवर दोन्ही नव्हते.

पर्याय

जुलैच्या पहिल्या आठवड्यात समितीसमोर चार पर्याय होते.

पहिला, फक्त मेलेली बॅटरी बदलणं. खर्च हजार-अकराशे. दोन सदस्यांना हाच हवा होता. पण बल्बच्या चाचणीचे आकडे समोर ठेवल्यावर वाद मिटला. नवी एक आणि थकलेल्या तीन अशी साखळी केली की नवी लवकर थकते, तेच पुन्हा घडतं.

दुसरा, एजन्सीकडून चारही घेणं. प्रत्येकी १,८५०, एकूण ७,४००, एक वर्षाची हमी.

तिसरा पर्याय सहाव्या मजल्यावरच्या तरुणाने आणला. त्याच्याकडे ई-स्कूटर आहे आणि लिथियमबद्दल तो बरंच वाचतो. लिथियम आयर्न फॉस्फेटची १२.८ व्होल्टची बॅटरी, आत ३.२ व्होल्टचे चार सेल, शिशाच्या डब्याच्याच आकारात. दोन हजारांहून जास्त वेळा चार्ज होते, वजन अर्धं, उष्णता जास्त सोसते. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि वीस मिनिटं यावरच चर्चा झाली. पण या बॅटरीच्या पोटात एक संरक्षक सर्किट असतं. ओढ एकदम वाढली किंवा सेल खाली गेला की ते वीज तोडतं. चार बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या तर चौघींपैकी एकीच्याही सर्किटने तोडलं की लिफ्ट तिथेच उभी. अशा किती बॅटऱ्या साखळीत जोडता येतात हे उत्पादकाने सांगितलेलं असावं लागतं. त्याने दाखवलेल्या बॅटरीच्या कागदावर ते नव्हतं. शिवाय दोन हजार चार्जचा फायदा आम्हाला काय? आमची एआरडी वर्षातून पाच-सहा वेळा चालते. तिला रोज धावणारी नको, कोपऱ्यात भरलेली बसून राहणारी हवी. एजन्सीनेही लिथियम बसवल्यास एआरडीची जबाबदारी घेणार नाही असं लेखी कळवलं. पर्याय बाजूला पडला. तरुण थोडा नाराज झाला. पुढच्या वेळी लिफ्टच बदलायची झाली तर त्याचं म्हणणं आधी ऐकावं, असं माझं मत आहे.

चौथा, पुन्हा बाहेरूनच घेणं, पण या वेळी तारीख वाचून. मागच्या वेळी याच वाटेने खड्ड्यात गेलो होतो, म्हणून सेक्रेटरीबाईंचा विरोध होता. मी आग्रह धरला. त्यात पैशांइतकाच, खरं सांगायचं तर, आपली चूक आपणच निस्तरायची हा हट्टही होता. एजन्सीने अट घातली : बसवून देऊ, हमी तुमची तुमच्यापाशी. तीन विरुद्ध दोन मतांनी ठरलं.

लॅमिंग्टन रोडची फेरी

शनिवारी दुपारी मी आणि सेक्रेटरीबाई ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलो. पिशवीत मल्टीमीटर.

पहिल्या दुकानात चांगल्या कंपनीच्या बॅटऱ्या होत्या, कोड चार आकडी : २३१९. सेक्रेटरीबाईंचं टायरचं ज्ञान पक्कं आहे. मोटारीच्या टायरवर शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष असे असतात, तेव्हा त्यांनी वाचलं : २०१९ चा तेविसावा आठवडा. दुकानदार हसला, “मॅडम, हा टायर नाही. तेवीस साल, एकोणिसावा आठवडा.” दुकानदारावर विश्वास ठेवायचा की टायरवर? मुलुंडच्या अनुभवाने आम्ही शहाणे झालो होतो. म्हटलं, सगळा खोका दाखवा. त्यात २३१९, २३२१ आणि एक २३४७ निघाली. टायरच्या पद्धतीने ती २०४७ सालची होते. दुकानदार खरं बोलत होता.

पण खरं बोलणं म्हणजे माल ताजा असणं नाही. २०२३ चा एकोणिसावा आठवडा म्हणजे मे महिना. जुलै २०२४ मध्ये त्या बॅटऱ्या चौदा महिन्यांच्या होत्या. मल्टीमीटर लावला, १२.५८. पूर्ण भरलेली निवांत बॅटरी १२.८ ते १३ दाखवते. नोव्हेंबरवाली एकटीच बरी होती, आणि आम्हाला चार हव्या होत्या, शक्यतो एकाच घाण्यातल्या.

तीन दुकानं सोडून चौथ्यात कोड दिसला ‘डी ४’. इथे माझं वाचन आडवं आलं. इलेक्ट्रॉनिक सुट्या भागांसाठी एक आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. तिच्यात वर्षाला अक्षर आणि महिन्याला आकडा असतो, आणि अक्षरं वीस वर्षांनी पुन्हा फिरतात. त्या हिशेबाने ‘डी’ म्हणजे २०१३ आणि ४ म्हणजे एप्रिल. मोटारीच्या बॅटऱ्यांवर मात्र उलटी पद्धत बरीच दिसते : अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, आणि आकडा वर्षाचा शेवटचा. त्या हिशेबाने ‘डी ४’ म्हणजे एप्रिल २०२४. गंमत बघा, दोन्हीकडून एप्रिलच, पण मध्ये अकरा वर्षं. त्यातही शेवटचा आकडा ४ हा २०१४ चाही असू शकतो.

इथे दुसऱ्या बॅटरीने मदत केली नाही, कारण सगळ्यांवर ‘डी ४’च होता. मदत केली पुठ्ठ्याच्या खोक्याने. किरकोळ विक्रीच्या वेष्टित मालावर महिना आणि वर्ष छापावं लागतं, एमआरपीच्या शेजारीच असतं. तिथे ०४/२०२४ होतं. एमआरपीवर दुसरं स्टिकर चिकटवलेलं नाही ना, आणि छापलेला महिना उत्पादनाचा आहे की आयातीचा, एवढं पाहिलं. उत्पादनाचाच होता. मल्टीमीटरवर चारही १२.८८ ते १२.९३. प्रत्येकी १,१५० रुपये, एकूण ४,६००. बिलावर दुकानदाराकडून कंपनी, मॉडेल आणि ‘डी ४’ लिहून घेतलं. तो म्हणाला, “तीस वर्षांत असं बिल मागणारे तुम्ही दुसरे.” पहिला कोण होता, हे विचारायचं राहून गेलं.

बसवणं आणि त्यानंतर

एजन्सीच्या मेकॅनिकने सोमवारी बॅटऱ्या बसवल्या. बसवायच्या आधी प्रत्येकीची बल्बने चाचणी घेतली, चारही पन्नास ते चोपन्न मिनिटं चालल्या. लगेच संध्याकाळपर्यंत पुन्हा पूर्ण चार्ज केल्या, कारण रिकामी करून तशीच ठेवणं म्हणजे स्वतःच्या हाताने सल्फेट चढवणं. प्रत्येक बॅटरीवर कायमच्या मार्करने क्रमांक आणि बसवल्याची तारीख लिहिली. मशीनरूमला एक्झॉस्ट पंखा लावला, दुपारचं तापमान ४१ वरून ३६ वर आलं.

लिफ्टमधला दिवा जुडग्यासकट बदलला. कॅडमियमच्या जागी मेटल हायड्राइड बसवायचा विचार केला होता, पण जुन्या दिव्याचं कायम चालू असणारं चार्जिंग तिला मानवलं नसतं.

जुन्या बॅटऱ्यांना दारावरचा भंगारवाला दुकानदारापेक्षा जास्त पैसे देत होता. तो आम्ल गटारात ओतून शिसं वितळवणाऱ्याला देणार, हे उघड होतं. ऑगस्ट २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून पुनर्चक्रणाला पाठवायची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यांवर काट मारलेल्या कचरापेटीचं चिन्ह असतं ते म्हणूनच. दुकानदाराकडे परत दिल्या, थोडे कमी पैसे घेऊन. कॅडमियमचा जुडगा मात्र तीन आठवडे माझ्या बाल्कनीत डब्यात पडून होता. शेवटी ई-कचरा संकलनाच्या दिवशी गेला.

निष्पत्ती

जुलै २०२४ पासून वीज गेल्यावर एआरडी पाच वेळा चालली, पाचही वेळा लिफ्ट मजल्यावर आली. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी लिफ्ट रिकामी ठेवून मेन स्विच बंद करतो आणि पाहतो. दर सहा महिन्यांनी चौघींची स्वतंत्र व्होल्टेज आणि बल्बची मिनिटं वहीत जातात.

ताज्या चाचणीत आकडे आले ४७, ४६, ४८ आणि ३९. चौथी पुन्हा मागे पडते आहे. कोड तोच, बिल तेच, मग का? मेकॅनिकने हात लावून दाखवलं : चौथी बॅटरी ब्रेकिंग रेझिस्टरच्या (लिफ्टचा वेग कमी करताना तापणारा भाग) डब्याला खेटून आहे, तिथे बाकीच्यांपेक्षा सात अंश जास्त. मागच्या खेपेची मेलेली बॅटरीही त्याच जागी होती. तेव्हा आम्ही तारखेत इतके गुंतलो की जागा कोणी पाहिली नाही. पेटी आता समोरच्या भिंतीवर नेली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

घटनेपासून नव्या बॅटऱ्या बसेपर्यंत पंचवीस दिवस गेले. तेवढे दिवस लिफ्ट एआरडीशिवाय, फक्त दाराला ‘वीज गेल्यास लिफ्ट थांबेल’ असा कागद लावून चालली. पावसाळ्यात हे परवडणारं नव्हतं. त्यातले अकरा दिवस माझ्या पत्राच्या उत्तराची वाट पाहण्यात गेले. आधी बॅटऱ्या बदलायच्या, भांडण नंतर, एवढा साधा क्रम मी उलटा केला. आणि पत्र लिहायच्या आधी फाईल उघडली असती तर ते लिहिलंच गेलं नसतं.

मार्च २०२३ मध्ये बाहेरून घेण्याचा निर्णय चुकीचा होता असं मी अजूनही म्हणणार नाही, २०२४ मध्ये आम्ही तेच केलं. चुकलं ते कोड न पाहता आणि एकाच घाण्यातल्या नाहीत हे न पाहता बसवणं. मेकॅनिकलाही ते दिसलं नाही, पण त्याच्याकडून ती अपेक्षा ठेवायला आम्ही त्याला तसं सांगायला हवं होतं. आता देखभालीच्या करारात कलम आहे : बसवताना बॅटरी सहा महिन्यांहून जुनी नसावी, आणि कोड सर्व्हिस स्लिपवर लिहावा, बॅटरी कोणीही आणलेली असो.

पाचव्या मजल्यावरच्या आजींना आम्ही काय कळवलं, हेही विचारात घ्यायला हवं होतं. समितीत आम्ही ५४.४ आणि १४.३ वर बोलत राहिलो, त्या महिनाभर पाच मजले जिन्याने चढत होत्या. कोणी घरी जाऊन सांगितलंच नाही की आता लिफ्ट ठीक आहे.

वहीबद्दल एक. मागच्या महिन्यात नव्या सेक्रेटरींनी ती तपासायला घेतली. ते एका अमेरिकन कंपनीत नोकरीला आहेत आणि गेल्या वर्षी काही नोंदी त्यांनीच केल्या होत्या. एका पानावर माझ्या अक्षरात ‘०५-०७-२५’ आहे, त्याखाली त्यांच्या अक्षरात ‘०७-०५-२५’. दोन्ही पाच जुलैच्याच नोंदी, एक सकाळची, एक संध्याकाळची. आता महिना अक्षरी लिहायचा असं ठरलं आहे.